झाकणाच्या आत

तो पहिल्यांदा आमच्या रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानात आला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांवर दुपट्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. भर उन्हात तो इतकं जपून पायऱ्या चढत होता की मी हातातल्या रेडिओवरून अर्धी मान वर करून म्हणाले, “दवाखाना पलीकडच्या गल्लीत हाय.”

“दवाखाना नको... याला लाइट पाहिजे,” तो म्हणाला आणि त्यानं दुपटं उलगडलं.

आत वाजवायचा कीबोर्ड होता. जुना, दोन पट्ट्या पिवळ्या पडलेल्या. मला हसू आवरेना. दुपटं बहिणीच्या पोराचं आहे, धूळ बसू नये म्हणून आणलं, असं त्यानं गंभीरपणे सांगितलं. मी काही विचारलं नव्हतं.

सन शहाऐंशी. लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती. रोज एखादी नवी कचेरी निघायची आणि तिच्या नव्या पाटीवर धूळ बसायची, कारण पाऊस सलग दुसऱ्या वर्षी फिरकला नव्हता. अशाच एका कचेरीत तो, भुजंग, हंगामी कारकून म्हणून लागला होता. मूळचा मुदखेडचा. कीबोर्ड त्यानं मुंबईच्या एका वादकाकडून घेतला होता, पण त्याचा मूळचा अडॅप्टर त्या वादकानं कधीच हरवला होता. सेल घालावेत तर एका लग्नात संपत. म्हणून त्याला एलिमिनेटर हवा होता, म्हणजे भिंतीतली वीज नऊ व्होल्टची करून देणारा डबा. नांदेडची एक गाण्याची पार्टी जयंतीच्या कार्यक्रमांसाठी वाजवणारा शोधत होती, तिथं त्याला जायचं होतं.

“मालक न्हाईत का?” त्यानं विचारलं.

मी कोपऱ्यातल्या खुर्चीकडं बोट केलं. “मालक ते. हात माझे.”

माझ्या आबांचे, नरसिंग मिस्त्रींचे, डोळे काचबिंदूनं गेले होते. बिघाड ते कानानं ओळखत, उघडायची मी. पण त्यांची एक पद्धत त्यांनी सोडली नव्हती. दुरुस्त केलेल्या प्रत्येक वस्तूच्या झाकणाच्या आत पेन्सिलीनं लिहायचं: तारीख, काय गेलं, का गेलं. पुढं जो कारागीर ते उघडेल त्याला खोटं सांगायचं नाही. डोळे गेल्यापासून ते माझ्याकडून लिहिलेलं मोठ्यानं वाचून घेत.

एलिमिनेटर एका दिवसाचं काम. पण वीज दिवसातून दोन तास यायची, तीही तारेला कथिलाचा डाग देण्यापुरती टिकेल याचा भरवसा नसायचा. त्यामुळं भुजंग रोज संध्याकाळी कचेरी सुटली की यायचा.

“झालं का?”

“लाइटच नव्हती.”

“बरं झालं,” तो म्हणाला. मग त्याचे कान लाल झाले. “म्हणजे... उद्या पण यावं लागंल.”

चौकात टँकर आला की तो न सांगता आमची घागर उचलायचा. बायकांच्या रांगेत एकटा पुरुष, आणि सगळ्यांच्या टोमण्यांना नुसता हसायचा. घागर भरून आणली की बाकावर बसून बंद कीबोर्ड मांडीवर घ्यायचा आणि चाली वाजवायचा. आवाज काहीच नाही. नुसती बोटं चालायची... आणि मी त्या बोटांवरून गाणं ओळखायचा प्रयत्न करायची. एकदा बरोबर ओळखलं तेव्हा तो वाजवायचा थांबला आणि किती तरी वेळ माझ्याकडं बघत राहिला. मी मान खाली घातली ती वायरमध्येच.

पाचव्या दिवशी डबा झाला. मीटरवर नऊ व्होल्ट बरोबर दाखवले आणि लगेच वीज गेली. कीबोर्डला लावून बघायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी मुदखेडला त्याच्या चुलतभावाचं लग्न होतं, म्हणून तो तसाच घेऊन गेला.

तीन दिवसांनी परत आला तेव्हा दुपटं नीट गुंडाळलेलंही नव्हतं.

“लग्नात पिन लावली आन् गप्पच झाला,” तो म्हणाला. “तिकडची लाइट लई खराब. तुमचा काही दोष न्हाई. रविवारी नांदेडला पार्टीची परीक्षा हाय. जमंल का?”

मी कीबोर्ड उपडा केला. पहिल्यांदाच. पाठीवर बोटाच्या पेराएवढी एक खूण छापलेली होती: पिनेच्या आतल्या बाजूला ऋण, बाहेर धन. मी आजवर बनवलेल्या सगळ्या डब्यांत आत धन असायचं, आणि सवयीनं इथंही तेच जोडलं होतं. मुदखेडच्या विजेचा काही संबंध नव्हता.

आत एक डायोड, वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा बारका भाग, जळून बसला होता. उलटी वीज त्यानं स्वतःवर घेतली होती, बाकी सगळं शाबूत होतं. तासाभराचं काम. डायोड बदलायचा, डब्याच्या दोन तारा गुपचूप फिरवायच्या आणि मुदखेडला दोष देऊन मोकळं व्हायचं. भुजंगनं तर दोष आधीच देऊन टाकला होता. खरं सांगितलं तर हा माणूस पुन्हा या दुकानात कशाला येईल? नांदेडला काय दुकानं कमी आहेत? मला फार भीती वाटली. तोवर मला कळलं नव्हतं की तो न येण्याची मला इतकी भीती वाटते.

वीज आली. मी डायोड बदलला, तारा फिरवल्या, पिन लावली. कीबोर्ड वाजला. भुजंगचा चेहरा असा उजळला की माझं धाडस जवळजवळ गेलंच. मग पेन्सिल घेतली आणि कीबोर्डच्या झाकणाच्या आत लिहिलं.

“वाच,” आबा म्हणाले.

मी वाचलं. “डायोड गेला. पिनेत धन-ऋण उलटं जोडलं. चूक जगदेवीची.”

आबांनी मान माझ्या दिशेनं वळवली.

“पाठीवरची खूण बघितली न्हाईस?”

“न्हाई.”

“पाच दिवस वस्तू दुकानात होती. तू अशी चुकत न्हाईस, जगू. मग कुठं बघत हुतीस?”

खोटं सांगता आलं असतं. पण पेन्सिल अजून हातात होती.

“हे वाजवायचे, आबा... त्यांच्या हाताकडं.”

मग आबा म्हणाले, “घागर रिकामी दिसती.” त्यांना दिसत नव्हतं हे तिघांनाही माहीत होतं. भुजंगनं घागर उचलली, भरून आणून ठेवली आणि कीबोर्ड घेऊन माझ्याकडं न बघता गेला.

तो रविवार गेला, त्याच्या पुढचा गेला. पंधरा दिवस टँकरवरून घागर मीच आणली. संपलं, असं स्वतःला बजावलं आणि दोन रेडिओ बिघडवले.

तिसऱ्या सोमवारी पायऱ्यांवर दुपटं दिसलं.

“पार्टीनं घेतलं मला,” तो म्हणाला. “पण आतून काहीतरी खुळखुळून राहिलंय. बघता का?”

मी चारही स्क्रू काढले. आत पेन्सिलीचा एक आखूड तुकडा होता. आणि झाकणावर, माझ्या ओळीखाली, कचेरीतल्या सुबक अक्षरात आणखी एक ओळ.

मी मान वर केली नाही. करताच येईना.

“काय झालं?” आबा म्हणाले. “वाच की.”

“चूक दोघांची,” मी वाचलं. “मला खूण दिसली होती. पण मी पण तिच्याकडंच बघत होतो... सांगायचं राहिलं.”

आबांनी कान झाकणाकडं वळवला.

“तारीख घातलीय का?”

घातली होती. आजची नव्हती, परीक्षेच्या रविवारचीही नव्हती. ज्या दिवशी मी त्याला दवाखान्याचा रस्ता दाखवला होता, त्या दिवसाची होती.