सालईटोल्याची पेटी

नाचणगावच्या कैलास भोयरला फोन आला तेव्हा तो जेवून अंगणातल्या खाटेवर टेकला होता. काम नेहमीचंच होतं. पनवेलकडून एक मयत येत होती. समृद्धी महामार्गावरून उतरून ती गाडी विरूळजवळ टोलनाक्याबाहेर थांबणार होती. तिथून पेटी आपल्या गाडीत घ्यायची आणि आर्वीच्या पुढं, जंगलाला लागून असलेल्या सालईटोल्याला पोचवायची. तारीख १२ डिसेंबर २०२३, मंगळवार. कार्तिकातली अमावस्या. घड्याळात पावणेनऊ.

"तारीख मी मनानं सांगून नाई राह्यलो," रूपराव म्हणाले. "पोलिसाच्या कागदावर हाय. अन बाकीचं खुद्द कैलासनं सांगितलं मले. चार वेळा सांगितलं, चारही वेळा एकच सांगितलं."

रूपराव म्हणजे आर्वी डेपोतले निवृत्त कंडक्टर. समोर बसलेली गावातली दोन पोरं, हर्षित आणि सोनू, दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं त्याच पनवेलकडं निघाली होती, टॉवरच्या कामावर. बॅगा भरून झाल्या होत्या. रूपरावांनी त्यांना जा म्हटलं नाही की जाऊ नका म्हटलं नाही. नुसतं बसवून घेतलं आणि सांगायला लागले.

कैलास अकरा वर्षं शववाहिका चालवत होता. जळालेली, बुडालेली, रुळावरची, सगळी माणसं त्याने घरी पोचवली होती. भीती त्याची केव्हाच गेली होती. राहिली होती एक सवय. मयत गाडीत घेतली की तो तिच्याशी बोलायचा. त्या रात्रीही पेटी सरकवून दार लावताना तो म्हणाला, "चल गा बाप्पू, घरी जाऊ."

पेटी चांगली जाड प्लायवूडची होती. कडेनं खिळे ठोकलेले, वरून पट्ट्या. मरणाऱ्याचं नाव गोपाल कुमरे, वय सव्वीस. सोबत ठेकेदाराचा माणूस होता, ओमप्रकाश. मूळचा नागपूरचा, पंधरा वर्षांपासून तिकडंच. तो पुढं कैलासच्या बाजूला बसला आणि त्याने पहिलीच गोष्ट सांगितली ती ही, "पेटी उघडायची नाही हां. संसर्गाची केस आहे. डॉक्टरचा कागद आहे. तसंच पुरायचं."

"मायले तोंड तं दाखवा लागन," कैलास म्हणाला.

"नाही. सीधा खड्ड्यात."

गाडी निघाली. ओमप्रकाशला गप्प बसवत नव्हतं. त्याने मोबाईल काढला आणि फोटो दाखवायला लागला. "हे बघा, दोन वर्षांपूर्वी इथं मिठागर होतं. गुडघाभर चिखल. आता बघा. बेचाळीस माळ्यांचे सहा टॉवर येऊन राहिले. हा समुद्रावरचा पूल, पुढच्या महिन्यात उघडतो. इकडं विमानतळ. अरे भाऊ, मुंबईत जागा संपली, आता मुंबईच तिकडं सरकून राहिली. लोक चिंबोऱ्या पकडायचे तिथं मॉल आला. दर महिन्याला हजारो माणसं उतरतात."

"अन बांधतो कोन हे?"

"तुमच्याकडचे. बिहारचे, बंगालचे. पत्र्याच्या खोलीत बारा-बारा जण राहतात. पाणी टँकरचं, ते संपलं की संपलं."

"समुद्राच्या काठावर राहून प्याले पाणी नाई?"

ओमप्रकाश हसला. कैलासला ते हसणं आवडलं नाही. मागं पोरगं पडलं होतं आणि हा माणूस टॉवर दाखवत होता. "हा गोपाल कायनं मेला?" त्याने विचारलं.

"ताप."

"तुमी पाह्यलं होतं त्याले?"

"ताप आला न् गेला," ओमप्रकाश म्हणाला आणि मोबाईल खिशात टाकला.

विरूळ मागं पडलं. रस्ता मोकळा. दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस, दिव्याच्या उजेडात पांढरा दिसायचा आणि पुन्हा अंधार. कैलासला रस्त्याच्या मधोमध एक माणूस दिसला.

पिवळं हेल्मेट. केशरी जाकीट. हात वर केलेला.

कैलासने करकचून ब्रेक मारला. माणूस हलला नाही. तरुण पोरगा होता. ठेंगणा वाटला. मग कैलासच्या लक्षात आलं की तो ठेंगणा नाही. तो गुडघ्यापर्यंत रस्त्यात होता. डांबरातून वर आल्यासारखा.

"थांबवा ना भाऊ," पोरगा म्हणाला. आवाज साधा होता, कुणी रस्ता विचारावा तसा. "जरा थांबवा. पाय अटकला माहा."

कैलास दार उघडून उतरला. समोर रस्ता होता. कोरडा, सपाट. त्याने हातानं चाचपून पाहिला. डांबर. नुसतं डांबर.

"क्या हुआ? कुत्रं होतं का?" ओमप्रकाशने आतून विचारलं.

कैलासने आत बसून दार ओढून घेतलं. गाडी पुन्हा सुरू केली.

रोहण्याच्या अलीकडं, पुलाच्या कठड्याशी, पोरगा पुन्हा दिसला.

आता कमरेपर्यंत.

जाकिटावर करड्या रंगाचा ओला चिखल. दोन्ही हात पुढं टेकलेले, अंग वर ओढल्यासारखे. "मशीन थांबवा," तो म्हणाला. "वर सांगा कोनी. मी खाली हाओ म्हना."

या वेळी कैलासने गाडी बाजूनं काढली. त्याने डावीकडं पाहिलं. ओमप्रकाश काचेकडं बघत नव्हता. मान खाली, डोळे घट्ट मिटलेले. आणि ओठ हलत होते.

"तुमाले दिसला," कैलास म्हणाला.

"चलाव."

"तुमाले दिसला तो."

"चलाव ना यार. रुकू नको. कुठंच रुकू नको."

रोहणा गेलं. एक घर नाही, एक दिवा नाही. पोरगा तिसऱ्यांदा दिसला तेव्हा छातीपर्यंत होता. हेल्मेट तिरपं झालेलं. तो ओरडत होता. काचा बंद होत्या, तरी ऐकू येत होतं.

"मशीन… मशीन थांबवा… मी हाओ ना…"

कैलासने गाडी थांबवली. इंजिन बंद केलं. किल्ली काढून मुठीत घेतली.

"सांग," तो म्हणाला.

"चावी लगाव."

"सांग पयले. नाई तं इथंच उतर. त्याच्याजवळ."

ओमप्रकाश रडायला लागला. रडत रडत बोलला. फोटोतल्या सहाव्या टॉवरच्या पायासाठी दोन पुरुष खोल खड्डा होता. सळयांचं जाळं बांधलेलं. रात्री काँक्रीट ओतायला घेतलं. गोपाल जाळ्यात उतरला होता. त्याचा पाय सळयांत अडकला. तो ओरडला. पंपाच्या आवाजात आधी कुणाला कळलं नाही…

"अन मंग कळलं?"

ओमप्रकाशने शर्टाच्या बाहीनं नाक पुसलं.

"कळलं का नाई?"

"कळलं. मी वर फोन केला. साहेब म्हणाले, पंप थांबवला तर काँक्रीटमध्ये सांधा पडतो, पाया कच्चा राहतो. अख्खा पाया फेकावा लागतो. एका माणसासाठी… म्हणाले, बघा हातानं निघतो का. पोरांनी ओढला. नाही निघाला… चाळीस मिनिटं लागली."

चाळीस मिनिटं. कैलासच्या डोक्यात काहीतरी फुटलं. त्याला भीती वाटत होती का, असं रूपरावांनी त्याला नंतर विचारलं होतं. तो म्हणाला, "भेव गेलं तवाच. मले नुसता राग आला. असा राग आला का दात दुखले."

त्याने किल्ली लावली. आर्वी ओलांडली. रस्ता अरुंद झाला. दोन्हीकडं साग. अकरा वाजून वीस मिनिटं. सालईटोल्याच्या शेवटच्या वळणावर…

हात.

रस्त्यातून वर आलेला फक्त एक हात. मनगटापर्यंत. बोटं उघडत होती. मिटत होती. उघडत होती.

कैलास उतरला. धावला. गुडघे टेकले. हात धरला.

थंड होता. ओला. जड.

आणि त्या हातानं त्याचा हात धरला.

"मी हाओ," कैलास म्हणाला. "धरून हाओ. सोडत नाई."

किती वेळ गेला ते त्याला कळलं नाही. बोटांची पकड सैल होत गेली… मग तो डांबरावर मूठ दाबून बसला होता. मागं गाडीचं इंजिन चालू होतं. बाकी आवाज नाही. रातकिडाही नाही.

सालईटोल्यात माणसं जागी होती. गोपालची आई शकुबाई वाटीत हळद कालवून दारात बसलेली. बायको जया तिच्या मागं उभी. ओमप्रकाशने गाडीतूनच संसर्गाचा कागद दाखवायला सुरुवात केली. कैलासने त्याच्या हातातून कागद घेतला, मोठ्या आवाजात सांगितलं, "पहार आना," आणि सगळ्यांसमोर पेटी फोडली.

आत सिमेंटची चार पोती होती. ओली वाळू भरून, तोंडं शिवून, चादरीत गुंडाळलेली.

कुणी रडलं नाही. कैलासने घडलं तेवढं सांगितलं. चार जणांनी ओमप्रकाशला खाली ओढलं. एकाने काठी उचलली. शकुबाईने हात आडवा केला. ती हळदीची वाटी घेऊन त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"माहा पोरगा कुठी हाय?"

"पायाच्या काँक्रीटात, माई… सहा नंबरच्या टॉवरच्या."

"त्याच्यावर किती माळे चढनार हायेत?"

ओमप्रकाश फुटक्या पेटीकडं बघायला लागला.

"म्या इचारलं तुले. किती?"

"बेचाळीस."

शकुबाईने वाटीतली हळद घेतली आणि त्याच्या दोन्ही गालांना, कपाळाला फासली. मेलेल्याला लावतात तशी. सावकाश, एकही जागा न सोडता. मग म्हणाली, "आता ने ह्याले पोलिसात."

प्रकरण पोलिसांत गेलं. कागद झाले, जबाब झाले. तिकडच्या माणसांनी सांगितलं की गोपाल कुमरे नावाचा मजूर आदल्या आठवड्यातच काम सोडून पळाला होता, आणि ती पेटी, तो डॉक्टरचा कागद आमचा नाहीच. त्याच्याबरोबरचे अकरा जण कुठं गेले ते सापडलं नाही. पाया खोदून बघा म्हटलं तर बघायला कुणी तयार नाही. ओमप्रकाश तीन महिन्यांत सुटला. जया दोनदा पनवेलला जाऊन आली. फाटकावरच्या पहारेकऱ्याने तिला आत सोडलं नाही. ती दिवसभर उन्हात उभी राहून टॉवर चढताना बघून आली. पहिल्यांदा गेली तेव्हा नऊ माळे होते. दुसऱ्यांदा एकतीस. रस्त्याच्या फलकावर लिहिलं होतं, उरलेल्या घरांची नोंदणी सुरू आहे.

"एकतीस," सोनू हळूच म्हणाला.

"आता पुरे झाले असतीन," रूपराव म्हणाले. "राहायले बी आले असतीन लोक. लेकरं खेळत असतीन वर."

त्या रात्रीनंतर कैलासला रस्त्यावर कुणी दिसलं नाही. पण तो अधूनमधून सालईटोल्याला जातो. शकुबाईच्या घरामागं एक विहीर आहे, दगडानं बांधलेली, आजोबाच्या वेळची. त्या तेरा डिसेंबरच्या पहाटे जया पाण्याला गेली तर पाणी तळाला गेलेलं. दुपारी पाहिलं तर हाताला लागेल इतकं वर. संध्याकाळी पुन्हा तळाला.

तेव्हापासून रोज तसंच चाललं आहे. दिवसातून दोनदा पाणी चढतं, दोनदा उतरतं. उन्हाळ्यातही. भूजलवाले येऊन गेले. पाणी गोडं आहे, म्हणाले, आणि आसपासच्या कुठल्याच विहिरीत असं होत नाही. कारण त्यांना सांगता आलं नाही. शाळेतल्या गुरुजींनी महिनाभर वेळा टिपून घेतल्या. रोज सुमारे पाऊण तासानं वेळ पुढं सरकत होती. मग त्यांनी मोबाईलवर समुद्राच्या भरतीचं वेळापत्रक काढलं आणि त्या टॉवरांजवळच्या उरणच्या खाडीशी ताडून पाहिलं.

मिनिटाचाही फरक नव्हता.