काठीभर मोकळी जागा

लेन्स घेताना मी आधी वजन विचारलं, याचं दुकानदाराला वाईट वाटलं असावं. त्याने माझ्यापुढे एक भारदस्त, धातूची लेन्स काढून ठेवली होती. कमी उजेडातही मस्त चालते, म्हणाला. चालत असेल, पण ती गळ्यात अडकवून दिवसभर लग्नात फिरायचं मला होतं. परळीत माझा स्टुडिओ आहे, आणि गेल्या लग्नसराईत माझी मान अशी धरली होती की नवरी डावीकडे असली तर मला अख्खं वळावं लागे. बायको, उज्ज्वला, बाम चोळताना म्हणाली होती, "लेन्स तरी हलकी घ्या, नाहीतर मान नवी बसवून घ्या." म्हणून मी प्लास्टिकच्या अंगाची, मुठीत मावणारी वाईड झूम उचलली. बिल करताना दुकानदार माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता.

घरी आल्यावर गच्चीवरून थर्मल वीजकेंद्राच्या चिमण्यांवर ती तपासली. कॅमेरा जरा वर उचलला की चिमण्या आत झुकायच्या, सरळ धरला की शहाण्यासारख्या उभ्या राहायच्या. वाईडचं असंच असतं. कडेची वस्तू ताणली जाते, लांबची आणखी लांब पळते, आणि लांबून काढलेल्या फोटोत काही दमच येत नाही. आपण पुढे, अगदी अंगावर जावं लागतं. हे सगळं मला माहीत होतं, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून लोक लेन्सला दोष देतात. मीही आधी तिलाच दिला होता.

दिवाळीनंतर सिरसाळ्याकडचा नाथा स्टुडिओत आला. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. त्याचे वडील हरिबा पावसाळ्यात वारले होते. नाथा आणि त्याची बायको संगीता ऊसतोडीला निघाले होते, आई भामाबाईंचे गुडघे कळपामागे चालू देत नव्हते, म्हणून सगळा कळप आष्टीकडच्या एका मेंढपाळाला द्यायचं ठरलं होतं.

"जायच्या आदी समद्या मेंढरांचा आईसंगट एक फोटू पायजे," नाथा म्हणाला. "एक बी मेंढरू सुटाय न्हाई पायजे. आईनं जेवन सोडल्यागत केलंय, दादा. फोटू बगून तरी खाईल."

असल्या कामासाठीच वाईड घेतली होती. दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर मी त्यांच्या माळावर गेलो. काळी मेंढरं दाटीने चरत होती. लोकरीचा उग्र वास, वाळलं गवत उपटल्याचा करकर आवाज, आणि मध्ये एका दगडावर मांडीवर काठी आडवी घेऊन बसलेल्या भामाबाई. बाई एवढ्याशा, पण नजर अशी की फोटोसाठी हसा म्हणायची माझी छाती झाली नाही. मी बांधावर चढलो, झूम पूर्ण उघडला आणि फोटो काढला. सगळा कळप फोटोत बसला.

स्क्रीनवर बघितलं तर कळपात भोक होतं. भामाबाईंच्या डाव्या हाताला गोल, मोकळी जागा. चारी बाजूंनी मेंढरं एकमेकांना खेटून, आणि तिथे एकही नाही.

काटे असतील म्हणून मी उतरून बघून आलो. काटे नव्हते, दगड नव्हता. उलट तिथलं गवत तेवढं उभं होतं, कुणी तोंडच लावलं नव्हतं. ऊन तोंडावर येतंय असं सांगून मी भामाबाईंना जागा बदलायला लावली. त्यांनी जिभेने टकटक केलं, कळप त्यांच्यामागे सरकला, आणि मी पुन्हा फोटो काढला. मोकळी जागाही सरकली होती. पुन्हा त्यांच्या डाव्या हाताला.

मग मी लेन्सवर संशय घेतला. जुनी लेन्स लावून मागे गेलो. त्यातही ती जागा होतीच, फक्त फोटोच्या कडेने अर्धी कापलेली. एरवी माझ्या लक्षातही आली नसती.

वाईड पुन्हा चढवली आणि थेट कळपात शिरलो. मेंढरं माझ्यापुढून फुटत गेली. त्या जागेच्या काठावर मात्र एक कोकरू हललं नाही. मान वर करून, डोळे अर्धे मिटून उभं होतं. गळ्याखालची त्याची लोकर एकाच ठिकाणी दबत होती आणि सुटत होती. मी कॅमेरा खाली केला.

"मावशी, इथं काय आहे?"

"काय न्हाई," भामाबाई म्हणाल्या. "जरा हिकडं सरका. मालकांच्या पायावर पाय पडंल."

मी सरकलो. का सरकलो ते सांगता येणार नाही.

"मेंढरं परक्याला बगून पळत्यात," त्या शांतपणे म्हणाल्या. "राखनाऱ्याला काठीभर जागा सोडत्यात. मालक गेले तरी सोडत्यात. नाथाला आजून सोडीत न्हाईत." त्यांनी माळावर नजर फिरवली. "आता मेंढरं गेल्यावर त्यांनी कुटं जावं? जल्मात एकले ऱ्हायले न्हाईत. माज्यानं रोज हितवर येनं व्हायचं न्हाई. तुमी शिकलेले, तुमीच सांगा."

फोटो छान आलाय, एवढं म्हणालो आणि स्वतःचीच लाज वाटली.

फ्रेम द्यायला गेलो त्या दिवशी नेमका टेम्पो आला होता. मेंढरं चढवतानाचे फोटो काढले. भामाबाईंनी कॅमेरा मागून घेतला. टेम्पोत मेंढराला मेंढरू चिकटलं होतं, काठी काय, बोट शिरायला जागा नव्हती. त्यांनी एकेक फोटो बघितला, मग रिकाम्या माळाकडे वळून हलक्या आवाजात म्हणाल्या, "गेले न्हाईत संगट." नाथाने फ्रेम पुढे केली, ती त्यांनी हातात घेतलीच नाही. मला फार वाईट वाटलं.

परत येताना चढावर मोटारसायकल ओढत नव्हती. क्लच दाखवून घ्यायचा, असं मी मनात ठरवलं.

पुढच्या आठवड्यात परळीतच एक लग्न होतं. मंडपात पाय ठेवायला जागा नाही, वरातीत पोरं एकमेकांच्या खांद्यावर. मी सवयीने वाईड लावून गर्दीत घुसलो. रात्री जेवणं झाल्यावर फोटो कॉम्प्युटरवर घेतले, तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

डाव्या कडेला, जिथे वाईड सगळं ताणते, तिथे ताणायला काहीच नव्हतं. गर्दीत गोल, मोकळी जागा.

अक्षतांच्या फोटोत होती. पंगतीच्या फोटोत होती. वरातीत नाचणारी पोरं तिच्याभोवतीने नाचत होती, आणि एकाच्याही तोंडावर आपण काही टाळतोय असं नव्हतं.

प्रत्येक फोटोत ती माझ्या डाव्या हाताला होती.

मला भीती वाटली, हे खरं. पण त्याहून जास्त भामाबाईंची आठवण आली.

सकाळी कॅमेरा घेऊन सिरसाळ्याला गेलो. नाथा-संगीता तोडीवर गेले होते. शेजारीण सकाळीच भाकरी ठेवून गेली होती, ती तशीच झाकलेली होती. भामाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, पार वाळल्या होत्या. मी वरातीचा फोटो मोठा करून त्यांच्या हातात दिला.

त्यांनी त्या जागेवर बोट ठेवलं. मग हळूच माझ्या डाव्या बाजूला बघितलं आणि पदर सावरला.

"माळाला एकले न्हाईत मग," त्या म्हणाल्या.

त्यांनी ताटली पुढे ओढली. भाकरी मोडून तोंडात घातली. त्या अर्धी भाकरी खाईपर्यंत मी समोर बसून होतो. माझे डोळे भरून आले.

निघताना त्यांनी आतून एक काळी घोंगडी आणली.

"घिऊन जावा. गाडीवर मागं वारं लई लागतंय."

"मावशी, मला थंडी फारशी वाजत नाही."

"तुमाला न्हाई," त्या म्हणाल्या.

मी घोंगडी मागच्या सीटवर ठेवली. बांधली नाही. परळीपर्यंत ती उडाली नाही.

उज्ज्वलाला मी यातलं काही सांगितलेलं नव्हतं, अजूनही नाही. तिने दार उघडलं, हातातली घोंगडी बघून नाक मुरडलं, "हे काय नवीन?" म्हणाली. मी आत आलो.

तिने दार लगेच लावलं नाही. भिंतीला अंग चोरून थोडी आणखी बाजूला सरली, डोक्यावरून पदर घेतला, आणि जरा थांबून मगच कडी घातली.