चौक क्रमांक अकरा

अभिलेखागाराच्या काउंटरवर तिने वस्तू मांडल्या. बंद पडलेली हार्ड डिस्क, एक. जुन्या विद्यापीठाचं ओळखपत्र, एक, मुदत संपलेलं. नागरिकत्वाचं ओळखपत्र, एक. प्रबंधाची प्रत, एक, कोपरे दुमडलेली. चष्म्याची रिकामी डबी चुकून बाहेर आली होती, ती तिने परत पर्समध्ये टाकली.

"एवढंच?" काचेपलीकडच्या तरुणाने मान खाली घालूनच विचारलं.

"एवढंच. आणि मी. एक."

तो थांबला. हातातलं पेन तसंच हवेत राहिलं. मग त्याने हळूच मान वर केली आणि तिच्याकडे असं पाहिलं, जणू रेडिओतून कुणीतरी बाहेर येऊन समोर उभं राहिलंय.

झालं! संशय आला याला, तिला वाटलं.

घोळ तिनेच घातला होता. तीन वर्षं तिने शहरातल्या चौकाचौकांत पहाटे उभं राहून चिमण्यांचे आवाज टिपले होते. गाड्यांचा गोंगाट वाढला की चिमण्या वरच्या पट्टीत बोलतात, हे तिला दाखवायचं होतं. ती सगळी मूळ ध्वनिमुद्रणं तिने याच राष्ट्रीय डिजिटल अभिलेखागारात जमा केली. आणि जमा करताना, कुणी ढापू नये म्हणून, एक अट घातली : ज्याला ऐकायचं, त्याने आधी माझी परवानगी घ्यावी. परवानगीसाठी पत्ता दिला तो विद्यापीठाचा ईमेल. विद्यापीठ सुटलं, ईमेल बंद झाला. मागच्या आठवड्यात घरची डिस्क गेली. आणि नेमकं आत्ताच, शोधनिबंध तपासणाऱ्यांनी मूळ मुद्रणं मागितली. उद्या संध्याकाळपर्यंत. नाही दिली तर निबंध मागे, आणि त्या निबंधाच्या जोरावर मिळालेली नवी नोकरीही गेलीच.

तिने घरून अर्ज केला होता. पडद्यावर उत्तर आलं : आपली विनंती डेटा ठेवणाऱ्या व्यक्तीकडे पाठवली आहे, उत्तराची वाट पाहावी. ती व्यक्ती म्हणजे तीच! तरी तिने दोन दिवस वाट पाहिली.

"मोजपट्टे," दादा म्हणाला होता. सगळं मोजत बसते म्हणून लहानपणापासून तो तिला मोजपट्टीच म्हणायचा. "स्वतःचं उत्तर येईना, तर स्वतःला एक फोन तरी लावून बघ."

हे सगळं तिने काचेपलीकडच्या माणसाला सांगितलं. तो अभिलेखागाराचा डेटा तपासनीस होता. जमा होणारी प्रत्येक फाइल त्याच्या हाताखालून जायची. त्याने हसू दाबण्याचा प्रयत्न केला. जमलं नाही.

"हसताय काय? माझी नोकरी जातेय."

"माफ करा. म्हणजे… तुम्हाला तुमची परवानगी हवीय आणि तुम्ही ती देत नाही आहात."

"मी फार खडूस आहे."

"ते माहितेय," तो म्हणाला आणि जीभ चावली.

"काय माहितेय?"

"काही नाही… ओळखपत्रावरचं नाव जुळतंय. पण या नावाच्या तीन संशोधक आहेत आमच्याकडे. नोंदलेल्या पत्त्यावरून परवानगी आली नाही, तर ठेवणाऱ्या व्यक्तीलाच माहीत असेल अशी एक गोष्ट डेटामधून विचारावी लागते. नियम आहे."

"विचारा. तापमान विचारा, वारा विचारा. चौक विचारा!"

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"अडचण अशी आहे, की तापमान प्रबंधात छापलंय. ते कुणालाही सांगता येईल. छापलेलं नाही असं एकच ठिकाण आहे." त्याने घसा साफ केला. "फाइल लोकांना खुली करण्याआधी आम्ही सगळं ऐकतो. रस्त्यावरच्या कुणाचं खासगी बोलणं आलं असेल तर ते लोकांसाठीच्या प्रतीतून काढतो. मूळ प्रत सीलबंद राहते. तुमच्या मुद्रणांत असं एक बोलणं सापडलं… तुमचंच. चौक क्रमांक अकरा. यंत्र चालू आहे हे तुम्ही विसरला होतात."

तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. मग दुप्पट होऊन परत आला.

"आईचा फोन," ती पुटपुटली. "अरे देवा."

"मी एकट्याने ऐकून चालणार नाही. मॅडमना बोलवावं लागेल."

मॅडम, त्याच्या विभागप्रमुख, आतून आल्या. चष्मा गळ्यात, कपाळाला आठ्या. त्यांनी मोठे हेडफोन कानाला लावले, मुद्रण सुरू केलं आणि म्हणाल्या, "बोला बाई."

बोला! काय बोला? समोर एक अनोळखी तरुण, बाजूला त्याची वरिष्ठ, आणि हिने आपल्या लग्नाचं बोलणं म्हणून दाखवायचं. तिने त्या तरुणाकडे पाहिलं. तो भिंतीवरच्या अग्निशामक यंत्रावरच्या सूचना फार लक्षपूर्वक वाचत होता.

तिने डोळे मिटले.

"आई, नाही म्हणजे नाही. मुलगा चांगला आहे, पगार चांगला आहे, कबूल. पण काल बागेत त्याने पारव्याकडे बोट दाखवून मला विचारलं, हीच का तुझी चिमणी? एवढी मोठी चिमणी असते का गं? मला श्रीमंत नको, देखणा नको… निदान जे समोर आहे ते नीट बघणारा तरी हवा. ठेवते. चिमण्या उडाल्या."

मॅडमनी हेडफोन काढले.

"शब्द न् शब्द जुळतोय. फक्त एक शब्द गाळलात."

"कोणता?"

"पारव्याच्या आधी. 'त्याने' नाही, 'त्या गाढवाने'."

"तो… सरकारी ऑफिसात कसा म्हणणार?"

मॅडमच्या आठ्या पहिल्यांदाच मोकळ्या झाल्या. "द्या हिला तिची परवानगी," असं म्हणून त्या आत निघून गेल्या.

ती खुर्चीवर बसली, तेव्हा तिला कळलं की मघापासून आपण उभ्याच होतो. आठवडाभर छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी अलगद उचलून बाजूला ठेवला होता. तिला रडू येईल असं वाटलं, आलं मात्र हसू. फाइली तिच्या नव्या डिस्कवर उतरू लागल्या. प्रत्येक फाइल उतरली की संगणक ती मुळाशी ताडून पाहत होता आणि शेजारी हिरवी खूण उमटत होती.

"ती अट काढून टाका," ती म्हणाली. "सगळ्यांना ऐकू दे. चिमण्यांचं कसलं आलंय गुपित!"

"काढतो." त्याने कळ दाबली. मग पडद्याकडेच पाहत म्हणाला, "एक सांगू? रागावणार नसाल तर."

"खडूस आहे, पण सांगा."

"मघाशी तुम्ही 'एक' म्हणालात ना, तेव्हाच ओळखलं मी. प्रत्येक मुद्रणाच्या सुरुवातीला तुम्ही म्हणता… निरीक्षक एक. सर्दी झाली होती तेव्हासुद्धा. थंडीत दात वाजत होते तेव्हासुद्धा. मला वाटायचं, कुणीतरी सोबत जायला हवं होतं हिच्या."

तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. तो स्वच्छच होता.

"मग आधी का नाही सांगितलंत? केवढी घाबरले मी!"

"माझं ओळखणं हा पुरावा नाही. नियमात बसत नाही."

"आणि तुम्ही… तुम्हाला येतो ओळखता? पारवा?"

"आधी नव्हता येत," तो प्रामाणिकपणे म्हणाला. "तुमचा फोन ऐकला, आणि दुसऱ्या दिवशी खिडकीत जाऊन उभा राहिलो. आता नर-मादीसुद्धा कळते. चिमण्यांमधली. पारव्यांचं अजून जमत नाही."

"ते मलाही जमत नाही."

शेवटची खूण हिरवी झाली. तिने डिस्क पर्समध्ये ठेवली, चेन लावली आणि दारापर्यंत गेली. तिथून परत आली.

"अकरा नंबरचा चौक पाहिलाय कधी?"

"फक्त ऐकलाय."

"रविवारी उजाडताना मी तिथे असेन. नव्या हंगामाची सुरुवात आहे. तीन मिनिटं अजिबात बोलायचं नाही. खोकायचं नाही. फोन बंद."

"आणि तीन मिनिटांनंतर?"

"नंतर… बोलायचं."

निबंध कायम राहिला, नोकरीही. शनिवारी तसं पत्र आलं. आईने ते ऐकून फोनवरूनच देवाला हात जोडले, आणि दादा म्हणाला, "बघ, उत्तर दिलंस ना शेवटी स्वतःला."

रविवारी तो तिच्याही आधी येऊन उभा होता. डोक्यावर कानटोपी, पायात दोन वेगवेगळे मोजे. तिने ते पाहिलं, काही बोलली नाही. कोपऱ्यावरच्या दुकानाच्या पाटीमागून चिवचिवाट सुरू झाला होता. पहिली बस वळून गेली, आणि चिमण्यांचा आवाज वर चढला.

"हलू नकोस," ती कुजबुजली.

तो हलला नाही. त्या 'नकोस'मुळे तर मुळीच नाही. तिने यंत्राची कळ दाबली आणि माइक ओठांजवळ नेला.

"चौक क्रमांक अकरा. तापमान सतरा अंश. वारा नाही. चिमण्या नऊ. निरीक्षक दोन."