तेविसाव्या पानानंतर

बाबांच्या खुर्चीत कुणीतरी बसलं होतं, आणि बाबांच्याच पेनाने लिहीत होतं.

मी त्यांचा चष्मा आणि डबा न्यायला कचेरीत आले होते. त्यांना जाऊन नऊ दिवस झाले होते.

"उठा," मी म्हटलं.

तो उठला. उंच, बोटं शाईने काळी, शर्टाचं बटण चुकीच्या काजात. "मी त्यांचा चित्रकार. तुम्ही त्यांची लेक ना? रागावल्यावर नाक अगदी त्यांच्यासारखं—"

"माझ्या नाकाचं राहू द्या. हे काय चाललंय?"

टेबलावर चित्रकथेच्या येत्या अंकाची पानं पसरली होती. बाबांची पद्धत मला लहानपणापासून पाठ होती. आधी ते गोष्ट सांगत, मग चित्रं निघत, आणि ती समोर ठेवून ते पात्रांच्या तोंडचे फुगे भरत. तेविसाव्या पानापर्यंत अक्षर त्यांचं होतं. पुढच्या नऊ पानांवरचे फुगे हा माणूस भरत होता.

मुखपृष्ठावर मात्र बाबांचं नाव, तळहाताएवढ्या अक्षरांत. खाली 'अखेरची संपूर्ण कथा'. एकतीस वर्षं त्यांनी हे साप्ताहिक लिहिलं, संपादित केलं. तेव्हा नाव आतल्या पानावर, छापखान्याच्या पत्त्याखाली, मुंगीएवढं असे. आता ते खपणार होतं, म्हणून मोठं झालं.

मी तशीच मालकांच्या खोलीत गेले. पुढचे शब्द त्यांचे नाहीत, हे छापा. एवढंच मागितलं.

"ताई, वाचकांना कशाला दुखवायचं?" मालक म्हणाले. "शुक्रवारी अंक छपाईला जातोय."

"खोटं छापलं की त्यांना बरं वाटेल?"

मालकांनी फोन उचलला. चित्रकार दारात मूग गिळून उभा होता.

"तुम्हाला वाचा नाही?" बाहेर आल्यावर मी विचारलं.

"आहे. नोकरीसुद्धा आहे..."

मी त्याची पानं ओढून घेतली. बाबांची गुप्तहेर बाई शेवटी आपल्याला फसवणाऱ्या गुरूला गाठते. याने तिच्या तोंडी घातलं होतं, 'जा, मी तुम्हाला माफ केलं.'

"एकतीस वर्षांत हिने कुणाला माफ केलंय?"

"मला चित्रं येतात हो, शब्द नाही येत. मालकांनी बसवलं म्हणून बसलो. तुम्हीच सांगा, काय म्हणेल ती?"

"काही म्हणणार नाही. थेट बेड्या घालेल."

त्याने फुगा खोडला. मी खुर्ची ओढली. दया आली म्हणून नव्हे. त्या बाईने भलतंसलतं बोललेलं मला ऐकवणार नव्हतं.

दोन दिवस आम्ही भांडलो.

"हे मावत नाही फुग्यात."

"मग फुगा मोठा काढा."

"आणि बाईला कुठे उभी करू? फुग्यावर?"

मी हसले नाही. जवळजवळ नाही.

दुसऱ्या दुपारी खोडरबर घेताना त्याचं कोपर माझ्या कोपराला टेकलं... आणि तिथेच राहिलं. मीही हलवलं नाही. मला त्याचाही राग आला. बाबांना जाऊन दोन आठवडेही झाले नाहीत, आणि माझ्या कोपराला हे सुचतंय.

सोमवारी कोपऱ्यावरच्या दुकानातून मी अंक घेतला, मुखपृष्ठ फाडायचं म्हणून. पण आधी चाळला. चोविसाव्या पानावर ती बाई रस्त्यातून चालली होती, आणि मागच्या भिंतीवर, जाहिरातींच्या गर्दीत, त्याच्या अक्षरात रंगवलं होतं— 'इथपर्यंत त्यांनी लिहिलं. पुढचं आम्ही दोघांनी.'

मी कचेरी गाठली. तो भलंमोठं खोकं घेऊन जिन्याच्या वरच्या पायरीवर उभा होता. खोक्यात ब्रश, दौती, कागद.

"काढून टाकलं?"

"सकाळीच. वाचकांचे फोन आले तेव्हा मालकांना कळलं. अंक त्यांनी उघडलाच नव्हता."

"आणि मला न विचारता 'आम्ही दोघांनी'?"

"अंकात तेवढंच वाक्य माझं आहे." तो थांबला. "खरं आहे म्हणून लिहिलं. पुढेही खरं राहिलं तर... मला आवडेल."

"नोकरी गेली, आणि तोंड वर करून मागणी घालताय?"

"घालतोय."

माझा राग गेला नव्हता. मालकांवरचा नाही, आणि इतक्या घाईने निघून गेलेल्या बाबांवरचा तर मुळीच नाही. पण खोकं जड होतं. मी त्याची एक बाजू धरली.

"तू वरच राहा," मी म्हटलं. "मी खालून धरते. आणि पायरीकडे बघ, माझ्याकडे नंतर."