एडमंड क्रेलचा आवाज

रबाळ्याच्या कारखान्यांमध्ये जुन्या सिनेमांची रिळं साफ करून कॉम्प्युटरवर उतरवणारं एक छोटं युनिट आहे. उज्वला तिथे कामाला. त्या दुपारी तिने वडिलांना, आबांनाही सोबत आणलं होतं. घशाच्या ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढल्यापासून त्यांना घरी एकटं ठेवायला तिचं मन धजत नसे. तरुणपणी साताऱ्याकडच्या जत्रांमध्ये राजाची सोंगं गाजवलेला माणूस... आता गळ्यातल्या भोकातून नुसती हवा.

त्या दिवशी एका इंग्रज नटाची रिळं आली होती. तिचा सहकारी प्रितम आबांना सांगत होता, "एडमंड क्रेल. लंडनच्या नाटकांत याचा आवाज म्हणे शेवटच्या रांगेपर्यंत जायचा. मग मूकपटांत नाव काढलं. बोलपट आले, आणि नेमका घसाच गेला. नंतर कोणी विचारलं नाय. आवाज कुठेच रेकॉर्ड नाय त्याचा."

आबा पडद्याकडे बघतच राहिले. म्हातारा क्रेल एका रिकाम्या खुर्चीशी काहीतरी बोलत होता. हळूहळू आबांचे ओठ त्याच्याबरोबर हलू लागले. खोलीत स्पिरिटचा वास दाटला होता, मशीनची घरघर चालू होती. आणि त्या घरघरीतून एक आवाज वर आला. खोल, भरदार. इंग्रजीत.

"प्रितम... स्पीकर बंद कर," उज्वला म्हणाली.

"स्पीकर कुठाय इथे?" प्रितम पुटपुटला.

आवाज आबांच्या तोंडून येत होता. आबांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. गळ्यातल्या भोकावर बांधलेलं फडकं तसूभरही हलत नव्हतं.

रीळ संपलं. आवाज थांबला.

उज्वला त्यांच्यापाशी गुडघ्यांवर बसली. "आबा... बोललात तुमी. परत बोला. मला हाक मारा ना."

आबांनी जीव एकवटला. फडकं फडफडलं, नुसती हवा आली. पुन्हा केलं. पुन्हा हवाच. मग त्यांनी तिचा हात ओढून घेतला आणि तळव्यावर बोटाने एकेक अक्षर गिरवलं... 'माझा नव्हता.' त्यांचे डोळे वाहत होते. ती त्यांना धरून बसून राहिली.

प्रितमने रीळ पुन्हा लावलं. क्रेल खुर्चीसमोर उभा होता, मघाशी हलणारे ओठ आता घट्ट मिटलेले. त्याने दुसरं लावलं, तिसरं लावलं. पार पंचविशीतला क्रेल, नायिकेसमोर, भर दरबारात... बाकी सगळे बोलत होते. तो एकटा गप्प उभा होता, प्रत्येक रिळात.