आणखी सहा महिने

"वहिनी, उद्या कोर्टात तेवढं ह्यांचं नाव काढू नका हं... मंडळात केवढा मान आहे ह्यांना!" श्रीखंडाची वाटी पुढे सरकवत शुभा म्हणाली, आणि पद्मजाचा धाकटा दीर रवींद्र मान खाली घालून पुरी मोडत राहिला.

मान! पद्मजाला हसू आलं. अमेरिकेतल्या शुगर लँडच्या मराठी मंडळाचा हा अध्यक्ष! गणेशोत्सवात मातृपितृसेवेवर तासभर गळा काढून बोलला म्हणे, बायकांनी डोळे पुसले... आणि त्याच वेळी नागपुरात याचा बाप अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळला होता, आणि त्याचं सारं करत होती ही विधवा वहिनी!

नवरा, अतुल, गेल्यावर, २००२ साली, ती सासऱ्यांच्या दुखण्यासाठी सहा महिन्यांपुरती म्हणून नागपूरला गेली. शाळा मोडू नये म्हणून अकरा वर्षांच्या स्वानंदीला दिराकडे ठेवलं. परतीचं तिकीट काढलं की याचा फोन ठरलेला. "वहिनी, आणखी सहा महिने! ऑफिसात फार टाइट आहे. ग्रीन कार्डाचं टेन्शन घेऊ नका, त्यावर दहा वर्षांची तारीख आहे." तारीख म्हणे! एवढा शिकलेला इंजिनिअर, पण इतकी वर्षं देशाबाहेर राहिलं की कार्डच धोक्यात येतं, हे त्याला कळत नव्हतं की कळून घ्यायचं नव्हतं? बापाच्या तेराव्याला आला तोही परतीचं तिकीट खिशात घालून!

पाच वर्षांनी सासरे, अण्णा, गेल्यावर ती परतली, तर विमानतळावरच अधिकाऱ्यानं कार्ड काढून घेतलं आणि प्रकरण न्यायाधीशापुढे गेलं. नाइलाजानं राहिले, मन इथंच होतं, हे तिनं पटवायचं होतं. खुशीनं राहिले म्हटलं की संपलंच! आणि हा महापुरुष इथं सगळ्यांना, खुद्द स्वानंदीलाही सांगत आला होता, "वहिनींना तिकडेच करमतं." पोटची पोर आता आईला नुसतं "हाय" म्हणून खोलीचं दार लावून घ्यायची. ते दार पद्मजाच्या काळजावर बंद व्हायचं.

दुसऱ्या दिवशी कोर्टात सरकारी वकिलानं विचारलं, "तुम्ही तिथं स्वतःच्या इच्छेनं राहिलात ना?"

पद्मजानं मागे पाहिलं. स्वानंदी शुभाच्या खांद्याला टेकून बसली होती. हिला घास कुणी भरवला? तापात कोण जागलं? उद्या आपण हरलो, तर हिला याच घरात दिवस काढायचे आहेत... या माणसांचा तिरस्कार करत ती कशी राहील? तिरस्कार आपला आपल्यापाशीच असू दे!

"हो," ती म्हणाली. "स्वतःच्या इच्छेनं." तिच्या वकीलबाईंनी कपाळाला हात लावला.

मग बाहेर थांबवलेल्या रवींद्रला साक्षीला बोलावलं. सरकारी वकील म्हणाला, "त्या स्वखुशीनं राहिल्या, असं त्यांनी सांगितलं. खरं आहे?"

रवींद्र गडबडला. "वहिनी... असं म्हणाल्या?" सुटकेचं दार सताड उघडं होतं, नुसती मान हलवायची होती! शुभा डोळ्यांनी खुणावत होती. पण त्यानं वहिनीकडे पाहिलं.

"नाही! मी थांबवलं त्यांना. दर वेळी त्या निघायच्या आणि मीच अडवायचो. माझ्या वडिलांचं मला करायचं नव्हतं... आणि हिला, स्वानंदीला, मी खोटं सांगत आलो!" भर कोर्टात तो ढसाढसा रडला. पद्मजाच्या मनात आलं, रडतोही भाषणासारखाच! पण या वेळी टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं.

न्यायाधीशांनी तिथल्या तिथं तिचं कार्ड परत मान्य केलं.

बाहेर येताच स्वानंदी तिच्या गळ्यात पडली. "आई, व्हाय डिडन्ट यू टेल मी? मला वाटलं, तुला मी नकोच होते..." पाच वर्षांचा तो आवेग पद्मजानं पदरात घेतला.

मग मुलीनं डोळे पुसले आणि काकाकडे पाठ फिरवली. "आय ॲम नॉट गोइंग इन हिज कार. नेव्हर!"

रवींद्र पाया पडायला वाकला होता. पद्मजानं पाय मागे घेतले. माणूस भित्रा, ढोंगी, आपमतलबी... आणि तरीही रोज पोरीला वेळेवर शाळेत सोडणारा! दोन्ही खरं होतं, आणि दोन्हीचा तिला सारखाच राग आला.

"त्याच गाडीतून रोज शाळेत गेलीस ना? मग बस," ती मुलीला म्हणाली. आणि वाकलेल्या दिराकडे न पाहताच, पाच वर्षांत पहिल्यांदा हुकूम सोडला, "भाऊजी, रडायचं ते घरी. आधी गाडी काढा."