माणूसभर जागा

वेल्डर कुबातने ट्रकच्या मागचा ओढायचा जुना आकडा काढला, त्या जागी जाड चौकोनी नळी बसवली, दोन्ही बाजूंनी चॅसीला तिरके टेकू वेल्डिंगने पक्के केले आणि आकडा पार नळीच्या टोकाला जोडला. मग मागे सरून हसला. “अरे तेमिर, गाडीला शेपूटच लावून घेतलंस की. वीतभर पुरलं असतं.”

तेमिर हसला नाही. लांबीचं माप त्याने दोरीला गाठ मारून आणलं होतं. बायकोचा, बुरुलचा, कापसाचा कोट अजून खुंटीवर होता. त्याची जाडी, वर चार बोटं. हे त्याने कुबातला सांगितलं नाही.

ट्रक लष्कराने मोडीत काढलेला. आकडा तोफ ओढायचा, मागच्या फळीला चिकटलेला. तोफ जोडायला मागे चार जवान असतात, घरी एक बायको असते, हा विचार विकणाऱ्याने केला नाही आणि घेणाऱ्यानेही नाही. तंबूच्या काठ्या ट्रकच्या मागे हातभर बाहेर यायच्या. त्यांच्याखाली वाकून, ट्रक आणि त्याला जोडून ओढायच्या चाकांवरच्या खोलीच्या मधे उभी राहून बुरुल मागच्या फळीवर हाताने थाप मारायची. एक थाप म्हणजे ‘या’. दोन थापा म्हणजे ‘थांबा’.

हाक मारायची सोय नव्हती. नवऱ्याचं नाव ती घेत नसे. त्यांच्या भाषेत तेमिर म्हणजे लोखंड, म्हणून लोखंडालाही ती उभ्या जन्मात ‘ते कठीण’ म्हणत आली. गेल्या शरदात कुरणावरून उतरायच्या दिवशी वारा होता. दोन थापा तेमिरला ऐकूच आल्या नाहीत. दुखवट्याला आलेल्या बायका उसासे टाकत म्हणाल्या, नावाने ओरडली असती तर वाचली असती. आणि ओरडली असती, तर याच बायकांनी तिला मरेपर्यंत टोमण्यांनी सोललं असतं.

आता सगळं गाव पुन्हा कुरणावर निघालं होतं. मेंढ्या पुढे गेल्या होत्या. मागे कुणीतरी उभं राहणं भाग होतं आणि घरात मुलगी सोनुनच उरली होती. ही जागा तिच्यासाठी.

कुबात गेला. गुरुवार होता, गेलेल्यांसाठी तळण करायचा वार. सोनुन आईच्या नावाने बोरसोक, कणकेचे फुगीर तुकडे, तळायला बसली होती. तळणाचा वास आईला पोचू दे, मग येते, म्हणाली होती. तेमिरने इंजिन गरम करायला सुरू केलं. वास केबिनमध्ये भरला.

मागच्या फळीवर एक थाप पडली.

पोरीचं आटपलं वाटतं. त्याने रिव्हर्स टाकला. पुन्हा एक थाप. तो इंचाइंचाने मागे गेला. कान दोन थापांसाठी टवकारलेले.

थापा आल्या नाहीत.

“तेमिर.”

आवाज चढवलेला नव्हता. नवा शब्द तोंडात घोळवून पाहावा, तसा.

त्याने ब्रेक दाबला आणि सोनुनचं नाव घेत मागे धावला. तिथे कुणी नव्हतं. खोलीचा दांडा आकड्यात बसलेला, खीळ घातलेली. फळीवर दहिवर गोठून पांढरं झालं होतं. एकाच ठिकाणी पंजाएवढं पुसलेलं.

सोनुन कोपरापर्यंत पीठ लागलेले हात घेऊन घरातून आली. “माझ्याशिवायच जोडलंत, बाबा?”

“हाक तू मारलीस?”

“तुमचं नाव मी कसं घेईन?”

तिने त्या पुसल्या जागेवर आपला पंजा धरून पाहिला. तिचा मोठा होता.

तेमिर उभाच राहिला. बुरुलने त्याला हाक मारली होती, की अंगावर येणाऱ्या लोखंडाचं नाव घेतलं होतं? एवढं तरी कळायला हवं होतं. त्याने खीळ काढली, सोनुनला केबिनमध्ये शेजारी बसवलं, ट्रक पुढे घेतला आणि पुन्हा मागे सोडला. काच खाली होती.

हाक आली नाही.

“बुरुल,” तो खिडकीबाहेर म्हणाला. आयुष्यात ‘अगं’शिवाय तिला काही म्हटलं नव्हतं. “बाजूला हो गं. मला दिसत नाहीये.”

सोनुनने त्याची बाही धरली. “बाबा, थांबा.”

मागच्या फळीवर थाप पडली. एकच.